अर्धा चौकोन

ट्रॉय, मिशिगन
१० जून १९८४

प्रिय वीणा,

तुझं जाडजूड पत्र मिळालं. आधी ते नुसतं हातात तोलून पाहिलं आणि उगाच खूश झालो, बायकोला आपली एवढी आठवण येते म्हणून. उघडल्यावर कळलं की ते सगळं एका भिंतीबद्दल आहे. रोमन लोकांनी ती का बांधली, नंतर गावकऱ्यांनी तिचे दगड गोठ्यांसाठी कसे पळवले, संध्याकाळचं ऊन तिच्यावर कसं पडतं. शेवटी माझ्या वाट्याला एक ओळ: ‘तब्येत सांभाळा, फ्रीजरमधली आमटी कुठवर पुरली?’ आमटी एप्रिलमध्येच संपली.

पुरुषोत्तमचं बायपास झालं म्हणून तू मार्चमध्ये इंग्लंडला, हेक्सॅमला गेलीस. सख्खा भाऊ आहे, जायलाच हवं होतं, तिकीटसुद्धा मीच काढलं. सहा आठवडे म्हणाली होतीस. आता तो रोज दवाखान्यात जाऊन पेशंट तपासतो असं मालिनी वहिनी फोनवर सांगतात. मग तू तिथे शुश्रूषा कोणाची करते आहेस? भिंतीची?

आणि हे रॉबसन कोण? मागच्या पत्रात ते ‘म्युझियमचे एक वयस्कर गृहस्थ’ होते. या पत्रात ‘आर्नल्ड’ झाले. निवृत्त पोस्टमास्तर, विधुर, दर शनिवारी गावातल्या हौशी लोकांना घेऊन खणायला जातात, आणि तुला हातात थापी धरायला त्यांनीच शिकवलं. छान. आपल्या लग्नाला तेवीस वर्षं झाली, मी अजून ‘अहो’ आहे. हा गडी तीन महिन्यांत नावावर आला.

माझं ठीक चाललंय. प्लँटमध्ये गाडीच्या नव्या मॉडेलच्या दरवाज्याचा पत्रा दाबायच्या डायचं ट्रायआउट चालू आहे, घरी यायला उशीर होतो. अर्थात उशीर होतो हे कळायला घरी कोणीतरी असावं लागतं.

तुझा,
चारुदत्त


१५ जुलै १९८४

प्रिय वीणा,

फोटो मिळाला. गुडघ्यापर्यंत रबरी बूट, कोपरापर्यंत चिखल, डोक्याला माझ्या ओळखीचा नसलेला स्कार्फ आणि तुझ्या त्या डाव्या हातात थापी. आणि हसते आहेस. मी फोटो फ्रीजवर लावला आणि संध्याकाळी काढून टाकला. एवढं हसायला काय झालं होतं ते पत्रात लिहिलेलं नाहीस. फोटोच्या कडेला एक टोपी आणि अर्धा खांदा आलाय. तो त्याचाच ना? फोटो काढणाऱ्याला जरा नीट काढायला सांग, म्हणजे एक तर पूर्ण माणूस येईल किंवा अजिबात येणार नाही.

रविवारी फोन केला तर तू नव्हतीस. मालिनी वहिनी म्हणाल्या, “वीणाताई अ‍ॅबी चर्चमध्ये गेल्यात, कॉयरची प्रॅक्टिस आहे. आज आमचा खाटीक सोलो वाजवणार आहे ना.”

मी म्हटलं, “कोण वाजवणार?”

“खाटीक हो. मेन स्ट्रीटवरचा. कॉर्नेट फार गोड वाजवतो.”

इथे मटण सुपरमार्केटमध्ये प्लास्टिक गुंडाळून येतं, ते गुंडाळणारा घरी जाऊन काय वाजवतो हे कोणी विचारत नाही. तुमच्याकडे खाटीक कॉर्नेट वाजवतो, बसड्रायव्हर जाता जाता रोमन छावणी दाखवतो, मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये बायका जलरंगात मेंढ्या काढतात आणि रविवारी अख्खं गाव सँडविचचे डबे घेऊन डोंगरावर चालायला निघतं, पावसातसुद्धा. हे लोक कामं कधी करतात? बरं, यांतल्या कोणालाही आपण काही विशेष करतोय असं वाटत नाही म्हणे. ते वाचून तर आणखीच चिडचिड झाली.

तू गातेस, याचा आनंद आहे. फक्त एवढंच विचारतो की इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीत आग्रह केला की तुझा घसा बसायचा, तो लॅटिनमध्ये कसा उघडला? मी एका वर्षी म्हणालो होतो की प्रोग्रॅम लांबतोय, आता आवरा. ते तुला उद्देशून नव्हतं. तू तेव्हा गात होतीस हा योगायोग.

आता तुझा मुख्य मुद्दा. जानेवारीपासून म्युझियम तुला कामावर घेतंय, खापरं धुवायची, जुळवायची, त्यांची चित्रं काढायची, वर्षभरासाठी. ‘तुमचं उत्तर आल्याशिवाय मी त्यांना काही सांगणार नाही,’ असं लिहिलं आहेस. म्हणजे नाही म्हटलं तर मी दुष्ट, आणि हो म्हटलं तर वर्षभर मी, टीव्ही आणि डबाबंद राजमा. विचार करून कळवतो. घाई नसेल ना त्यांना?

मंडळाच्या पिकनिकला श्रीरामच्या सरला वहिनी विचारत होत्या, “वीणा कधी येणार हो?” मी सांगितलं, भावाची तब्येत अजून नाजूक आहे. तेव्हा पुरुषोत्तमला म्हणावं, कोणी इकडचं भेटलं तर जरा अशक्त दिस.

चारुदत्त


३ सप्टेंबर १९८४

प्रिय वीणा,

तुझा आर्नल्ड तुला विचारतो, ‘मिशिगनमध्ये तुमच्या घराखाली काय आहे?’ आणि तू सांगतेस, ‘माहीत नाही, बहुतेक काहीच नसेल.’ हे मला लागलं. नऊ वर्षं ज्या घरात राहिलो, त्याच्याखाली काही नाही असं परक्या माणसाला सांगून तू मोकळी झालीस. त्यांच्याकडे बटाटे काढायला गेलं तरी रोमन नाणं वर येतं, हे कबूल. पण इथेही माणसं राहत होती. आपल्या आधीही.

मागे मंडळाच्या कन्व्हेन्शनला निघालो होतो तेव्हा ओहायोत तुला रस्त्याकडेला कसल्याशा प्राचीन टेकाडांची पाटी दिसली होती. ‘थांबू या ना,’ म्हणालीस. आपण थांबलो नाही, कारण जेवणाच्या आधी पोचायचं होतं, आणि पोचलोही. हे आत्ता सहज आठवलं म्हणून लिहिलं.

गणपती झाले. मूर्तीसाठी शिकागोपर्यंत कोण जाणार, मी पाटावर सुपारी मांडली. सरला वहिनींनी मोदक पाठवले होते. आरती एकट्याने म्हणताना टाळ कोणी वाजवायचा हा प्रश्न येतो, तर मी टाळी वाजवली.

तर मुद्दा असा की मी मागच्या अंगणातल्या मेपलखाली खणायला घेतलं आहे. लायब्ररीतून पुस्तक आणलं, खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली, चारही काटकोन तपासले. असा चौकोन तुझ्या पोस्टमास्तराने जन्मात आखला नसेल. पातळ पातळ थर काढतोय, माती चाळतोय, सगळं शिस्तीत.

तू त्याचा नियम लिहिला होतास, की कुठलीही जागा पूर्ण उकरायची नाही, अर्धी तशीच सोडायची, कारण मागून येणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त कळत असेल. वाचून हसू आलं. आमच्या प्लँटमध्ये अर्धं काम टाकून गेलेल्या माणसाला परत बोलवत नाहीत. मी पूर्ण चौकोन उकरणार आहे. उजवीकडून सुरुवात केली आहे.

कांचन अ‍ॅन आर्बरच्या कॉलेजातून कपडे धुवायला आली होती. खिडकीतून बराच वेळ बघत राहिली, मग बाहेर आली.

“डॅड, आर यू ओके?”

“आर्किऑलॉजी करतोय.”

“इज धिस अबाउट मॉम?”

“हे मिशिगनबद्दल आहे.”

“यू कुड जस्ट कॉल हर, यू नो.”

मुलीला वाढवताना काहीतरी राहून गेलंय. बापाने वैज्ञानिक काम काढलं तर तिला त्यात आई दिसते.

म्युझियमचं लक्षात आहे. कळवतो.

चारुदत्त


३० सप्टेंबर १९८४

वीणा,

सापडलं.

सुरुवातीला नुसती बाटलीची झाकणं आणि कांचनच्या खेळण्यातल्या गाडीचं चाक. मग वीतभर खाली मातीचा रंग बदलला. मी लगेच फावडं टाकलं आणि रंगाचा ब्रश घेतला. भाजलेल्या लाल मातीचे तीन तुकडे निघाले. चाकावरचे नाहीत, हाताने घडवलेले, बोटांचे ठसे स्पष्ट आहेत. एक तुकडा पळीसारखा, पसरट आणि खोलगट. दुसरा निमुळता, टोकाशी वळलेला, भांड्याचा कान किंवा मूठ असावी. तिसरा जाडसर, त्यावर बोटांनी दाबल्यासारखे चार खळगे. एका ठिकाणी शेंदरी रंगाचा अंश आहे. या लोकांना रंग माहीत होता.

सोबत ड्रॉइंग पाठवतोय. तिन्ही तुकडे, तिन्ही बाजूंनी, मूळ मापात. प्रत्येक ठशाची खोली व्हर्नियरने मोजली आहे. हा कागद आर्नल्डला दाखव. युनिव्हर्सिटीत फोन केला होता, ते म्हणाले घेऊन या. पण नको, आधी त्याने बघावं. आपल्या घराखाली काय आहे ते त्यानेच विचारलं होतं ना.

श्रीराम आणि सरला वहिनी बघायला आले होते. श्रीराम म्हणाला, “यार चारुदत्त, तू तर मिशिगनच्या इतिहासात जाणार.” सरला वहिनींनी तो पळीसारखा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “मला तर हा कानासारखा वाटतोय.” मी त्यांना समजावून सांगितलं की या क्षेत्रात अंदाजपंचे चालत नाही.

मंडळाच्या दिवाळीत स्लाइड शो ठेवला आहे. विषय ‘आपल्या पायाखालचा इतिहास’. सेक्रेटरी अर्धा तास देणार होते, मी पाऊण मागितला. कोणी आवरा म्हणालं तर मी आवरणार नाही.

म्युझियमबद्दल एवढंच म्हणतो की खापरं आता इथेही आहेत. आणि ती धुवायला नळसुद्धा.

चारुदत्त

ता. क. त्याचं मत जसंच्या तसं कळव. मला वाईट वाटेल म्हणून गोड करू नकोस, आणि त्याला बरं वाटेल म्हणूनही नको.


२० ऑक्टोबर १९८४

वीणा,

तुझं पत्र मिळालं. स्लाइड शो कॅन्सल केला आहे. पुरुषोत्तमला नमस्कार.

चारुदत्त


११ नोव्हेंबर १९८४

प्रिय वीणा,

मागचं पत्र तुटक होतं. मला तेव्हा लिहायला जमत नव्हतं, आत्ताही फारसं जमत नाहीये, पण तू दोनदा फोन केलास आणि मी दोन्ही वेळा हवामानावर बोललो, तेव्हा हे लिहिलं पाहिजे.

तुझं इतकं छोटं पत्र आजवर आलं नव्हतं. त्यात तू लिहिलंस की आर्नल्डने भिंग लावून ड्रॉइंग बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, फार जुनं आहे, तिथल्या मूळ रहिवाशांचं असणार, नवऱ्याचं अभिनंदन कर, इतकं स्वच्छ काम मी क्वचित पाहतो. सगळ्यांना बोलावून दाखवलंन. तू कागद घडी करून घरी आणलास, आणि खाली लिहिलंस, ‘अहो, तो आपला गणपती आहे. पहिल्या वर्षीचा.’

खरं सांगतो, पहिल्यांदा मला आनंद झाला. त्यालाही ओळखता आलं नाही याचा. भिंग लावून, तीस वर्षं खणून, माणूस साफ चुकला. मी उठून चहा केला इतका आनंद झाला. चहा पिता पिता लक्षात आलं की तो निदान समुद्राच्या पलीकडे होता. मी घरात होतो.

मला त्या वर्षीचं आठवतं ते असं, की घर नवीन होतं, खोकी उघडायची होती, आणि डायचं काहीतरी बिनसलं म्हणून मी प्लँटमध्येच पडीक होतो. गणपती होता हे आठवतं. कसा होता ते आठवत नाही. मूर्ती कुठून आणली हे मी विचारलंही नव्हतं, आपल्याकडे असते तशी ती होती. तू लिहिलंस की कांचनच्या शाळेतून माती आणून तू ती केलीस, आणि कांचनने ती हौसेने वर्गात नेली, तर तिच्या आर्टच्या बाईंनी मुलांच्या मडक्यांबरोबर भट्टीत घालून भाजून परत दिली. त्यांना बिचाऱ्यांना काय ठाऊक. त्यांना वाटलं, एवढी सुंदर वस्तू आहे, टिकली पाहिजे. मग दीड दिवसाने मी मोरया म्हणून गराजमधल्या बादलीत ती सोडली, ‘सकाळपर्यंत विरघळेल’ म्हणून तुला सांगितलं आणि कामावर गेलो. ती विरघळणार कशी? तू रोज झाकण उघडून बघत होतीस आणि तो पाण्यातून तुझ्याकडे बघत होता, हे वाचून मला पत्र खाली ठेवावं लागलं. शेवटी तू आणि कांचनने मेपलखाली त्याला पुरलं. मला सांगितलं नाहीत. ‘तुम्ही विचारलं नाहीत,’ असं लिहिलं आहेस. तेही खरंच. मागाहून नऊ हिवाळ्यांच्या बर्फाने त्याचे तुकडे केले असतील.

कांचनला फोन केला. “ऑफ कोर्स आय न्यू, डॅड. आय हेल्ड द फ्लॅशलाइट. मॉमने सूपच्या मोठ्या चमच्याने खणलं होतं.” मग म्हणाली, “शी वॉज सिंगिंग.” विसर्जनाला तू काय गायलीस ते तिला आठवत नाही, चाल आठवते म्हणाली, आणि फोनवर गुणगुणून दाखवली. मी ती चाल कधी ऐकलेली नाही.

भिंतीचा राग आला होता, खाटकाचा आला होता, आर्नल्डचा तर अजून येतो. पण मेपलखाली हातात दिवा धरून उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या माझ्याच मुलीचा मला इतका हेवा वाटेल असं वाटलं नव्हतं. त्या आर्टच्या बाईंचासुद्धा वाटतो, मी त्यांचं नाव आजवर विचारलेलं नाही, आणि त्यांनी तुझं काम हातात घेऊन सुंदर म्हटलं होतं. तो जाडसर तुकडा त्याचा हात आहे. तुझ्या डाव्या अंगठ्याचा ठसा त्यावर आहे. मी त्याची खोली मोजली, कागदावर उतरवली आणि समुद्रापार दुसऱ्या माणसाकडे पाठवली, की बाबा हे कोणाचं आहे ते सांग.

सरला वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. “अहो, निरोप दिलेली मूर्ती उकरून काढलीत?” कानाचीही आठवण करून द्यायला विसरल्या नाहीत. श्रीराम म्हणाला, “पुढच्या वर्षी लवकर या म्हणतो ना आपण? नऊ वर्षं लेट झाला, एवढंच.” मला हसू आलं नाही. नंतर आलं.

तू विचारलंस की त्याचं आता काय करायचं. तुकडे धुऊन, पुसून, देवघरात सुपारीशेजारी कापसावर ठेवले आहेत. पुन्हा पुरायचा की वाहत्या पाण्यात सोडायचा, हे ठरवणारा मी कोण? केलास तू, निरोप तू दिलास. माझं मोरया धरू नकोस, ते बादलीतलं होतं.

आता म्युझियमचं. जुलैपासून टोलवत आलोय. हो म्हण त्यांना. माझ्या हो-नाहीसाठी तू थांबली होतीस हेच मला उशिरा कळलं, तोवर मी समजत होतो की तू मला चिडवते आहेस. मोठ्या मनाने सांगतोय असं मात्र समजू नकोस. मला अजिबात बरं वाटत नाहीये. तू मंगळवारी मेंढ्या रंगवणार, शनिवारी खणणार, रविवारी डोंगरावर जाणार आणि संध्याकाळी खाटकाबरोबर गाणार, आणि मी इथे डबे उघडणार, याने माझा जळफळाटच होणार आहे, आणि तो मी दर पत्रात कळवीन.

नाताळात सुट्टी टाकली आहे, येतो. भिंत दाखव. ऊन पडेपर्यंत थांबेन, कुठे पोचायची घाई करणार नाही. कॉयरलाही येईन, मागच्या बाकावर बसेन. आर्नल्डशी हात मिळवीन, फार वेळ नाही. त्याला खरं काय ते सांगितलं आहेस का? मी समोर असताना सांग, मला त्याचा चेहरा बघायचा आहे. आणि त्याच्यासमोर मला अहो म्हणू नकोस. नाव आहे मला.

इथे जमीन कडक व्हायला लागली आहे, आठवडाभरात फावडं चालणार नाही. मी चौकोनाचा उजवा अर्धा भाग उकरला आणि थांबलो. बाकीचा तो डावीकडे आहे. मातीच्या कडेतून त्याच्या बैठकीच्या पाटाची कड दिसते, ब्रश फिरवला असता तर निघाला असता. फिरवला नाही. वर प्लायवूड टाकून, कडेने विटा लावून झाकला आहे, श्रीरामला हात लावू दिलेला नाही. मला त्यातलं काही कळत नाही हे आता सिद्ध झालंय. ज्याला कळतं त्याने येऊन काढावं, वर्षाने का होईना.

थापी आर्नल्डची आहे, ती त्याच्याकडेच राहू दे. सूपचा तो मोठा चमचा सापडला, खालच्या ड्रॉवरमध्ये मागे होता, दांडा वाकलेला. सरळ करणार होतो, पण तुझ्या हाताने वाकलाय, तसाच ठेवला आहे.

तुझा,
चारुदत्त